सॉकस्टॅट दोनशे एमबी सांगतं, मग सात जीबी गेले कुठे?

प्रश्न (वागळे इस्टेट, ठाणे): ट्रक आणि बसवरच्या जीपीएस यंत्रांचा डेटा घेणारे आमचे सर्व्हर रबाळ्याच्या एका डेटा सेंटरमध्ये आहेत. प्रत्येकी १२८ जीबी मेमरी, ६४ थ्रेडचा सीपीयू, २५ गिगाबिटची दोन पोर्टं बाँड केलेली, कर्नल ५.४ मालिकेतलं. एका सर्व्हरवर साधारण चार लाख टीसीपी कनेक्शन उघडी असतात. काही आठवड्यांपासून मेमरी हळूहळू भरत चालली आहे. सगळ्या प्रोसेस, पेज कॅश (वाचलेल्या फाइलींची मेमरीतली प्रत), स्लॅब (कर्नलच्या छोट्या रचनांचा साठा) धरूनही सात जीबीच्या आसपास हिशोब लागत नाही. कर्नलच्या सॉकस्टॅट या सॉकेटांची आकडेवारी देणाऱ्या फाइलमध्ये टीसीपीच्या ओळीत मेम ५१२०० दिसतं. नेटवर्क बफरांनी एकूण किती मेमरी घेतली हे सांगणारा एखादा आकडा आहे का, म्हणजे तोच मॉनिटरिंगला लावता येईल? आणि टीसीपी-मेमची, म्हणजे सगळ्या टीसीपी बफरांवरची एकत्रित, मर्यादा वाढवावी का?

उत्तर: असा एकच आकडा लिनक्समध्ये नाही, आणि मर्यादा वाढवू नका. दुसऱ्या भागाकडे नंतर येतो. पहिला भाग नीट समजला तर तुमचे सात जीबी शोधण्याची वाट आपोआप दिसेल.

आधी एककं. सॉकस्टॅटमधला टीसीपीचा मेम आकडा बाइटमध्ये नसतो, केबीतही नसतो. तो पेजमध्ये, म्हणजे कर्नल मेमरी ज्या ठोकळ्यांत वाटतं त्यांत, असतो आणि तुमच्या मशीनवर एक पेज ४ केबीचं. म्हणजे ५१२०० गुणिले ४, बरोबर २०० एमबी. त्याच फाइलमध्ये खाली फ्रॅग या ओळीतला मेमरीचा आकडा मात्र बाइटमध्ये. टीसीपी-मेम पेजमध्ये, तर टीसीपी-आरमेम आणि टीसीपी-डब्ल्यूमेम (एकेका सॉकेटच्या येणाऱ्या आणि जाणाऱ्या बफरांच्या मर्यादा) बाइटमध्ये. हे असं का, याचं समाधानकारक उत्तर मला कोणी दिलेलं नाही. पाठ करून ठेवायचं झालं.

मग वजाबाकी. मेमइन्फो या मेमरीचा हिशोब देणाऱ्या फाइलमधल्या मेमटोटलमधून मेमफ्री, बफर्स, कॅश्ड, ॲनॉनपेजेस, स्लॅब, कर्नलस्टॅक, पेजटेबल्स, परसीपीयू, व्हीमॅलॉकयूज्ड आणि हजपेजेस वजा करा. एसएचमेम आणि मॅप्ड पुन्हा वजा करू नका, ते कॅश्डमध्ये आधीच धरलेले असतात. प्रोसेसच्या आरएसएसची (प्रत्येक प्रोसेसने धरलेल्या मेमरीची) बेरीज करून तिथून सुरुवात करणं तर मुळीच नको. एकच शेअर केलेलं पेज त्यात दहा-दहा वेळा मोजलं जातं. तुमचे सात जीबी आरएसएसच्या बेरजेतून आले असतील तर ॲनॉनपेजेस वापरून हिशोब पुन्हा मांडा. एवढं करूनही जी शिल्लक उरते ती कर्नलमधल्या कुणीतरी थेट पेज ॲलोकेटरकडून उचललेली असते आणि तिला मेमइन्फोमध्ये ओळच नसते. नेटवर्क हा त्यातला मोठा गिऱ्हाईक, पण एकटा नव्हे. व्हर्च्युअल मशीन असेल तर तिची मेमरी यजमानाला परत देणारा बलून ड्रायव्हर, झेडएफएस ही फाइलसिस्टम असेल तर तिची एआरसी ही कॅश, जीपीयू असेल तर त्याचा ड्रायव्हर हेही याच अंधाऱ्या खोलीत असतात. तुमच्या वर्णनात यातलं काही नाही, म्हणून पुढे नेटवर्क धरून चालतो.

आता मूळ मुद्दा. पॅकेट मशीनमध्ये येतं तेव्हापासून ॲप्लिकेशन ते वाचेपर्यंत त्याची मेमरी वेगवेगळ्या मुक्कामांवर असते आणि प्रत्येक मुक्कामाची नोंद वेगळीकडे होते, काही ठिकाणी होतच नाही. पॅकेट यायच्याही आधी नेटवर्क कार्डाच्या रिंगमध्ये, म्हणजे गोल फिरणाऱ्या रांगेत, रिकामे बफर मांडून ठेवलेले असतात. त्यांची नोंद ना स्लॅबमध्ये ना सॉकस्टॅटमध्ये. पॅकेट आलं की त्याच्यासाठी एसके-बफ नावाची रचना तयार होते, साधारण २३० बाइटची, स्लॅबमध्ये २५६ बाइटच्या जागेत बसते. ही मात्र स्लॅबटॉपमध्ये एसकेबफ-हेड-कॅश या नावाने दिसते, जर स्लबने (स्लॅब सांभाळणाऱ्या कर्नलच्या कोडने) तिला त्याच आकाराच्या दुसऱ्या कॅशमध्ये विलीन केलं नसेल तर. पॅकेटचा खरा मजकूर दुसरीकडे असतो, कधी केमॅलॉकच्या (स्लॅबमधून छोटी जागा देणाऱ्या फंक्शनच्या) तुकड्यात, कधी थेट पेजमध्ये. आणि पॅकेट एखाद्या सॉकेटच्या क्यूमध्ये पोचलं की मगच त्याचं वजन त्या सॉकेटच्या खात्यावर चढतं. सॉकस्टॅट फक्त हा शेवटचा मुक्काम मोजतं. त्यातही ते मोजतं ते वजन, प्रत्यक्ष अडलेली मेमरी नव्हे. तुमच्या बाबतीत हा फरकच महत्त्वाचा ठरेल असं मला वाटतं.

रिंगपासून सुरुवात करू, कारण ती मोजायला सोपी आहे. ईथटूल या नेटवर्क कार्डाच्या सेटिंग दाखवणाऱ्या कमांडच्या लहान जी पर्यायाने रिंगचा आकार दिसतो, लहान एलने क्यूंची संख्या. कार्ड विकणाऱ्यांच्या ट्यूनिंग पुस्तिकांत रिंग कमाल करा असं हमखास लिहिलेलं असतं आणि आपल्याकडे ते प्रश्न न विचारता स्क्रिप्टमध्ये जातं. समजा आरएक्स, म्हणजे येणाऱ्या बाजूची, रिंग ४०९६ आहे, क्यू सीपीयूइतके म्हणजे ६४, आणि ड्रायव्हर दर जागेमागे एक पूर्ण पेज देतो. एका क्यूला १६ एमबी, एका पोर्टला १ जीबी, दोन पोर्टना २ जीबी. एकही पॅकेट आलेलं नसताना. काही ड्रायव्हर एका पेजचे दोन भाग करून वापरतात, त्यांचं निम्मं भरेल. एमटीयू (पॅकेटचा कमाल आकार) ९००० ठेवला असेल तर काही ड्रायव्हर दर जागेला एकाहून जास्त पेज घेतात, तेव्हा याच्या कितीतरी वर जाईल. तुमच्या शिलकीतला एवढा वाटा बहुधा इथेच आहे. पण हा स्थिर खर्च आहे. इंटरफेस वर आला की लागतो, आठवडाभर हळूहळू वाढत नाही. म्हणजे तुमच्या तक्रारीतला ‘हळूहळू’ हा शब्द दुसरीकडे बोट दाखवतो.

तो दुसरीकडचा भाग असा. प्रत्येक एसके-बफवर ट्रूसाइझ नावाचा आकडा असतो. पॅकेटमध्ये ४० बाइटचा मजकूर असला तरी त्याच्यामुळे किती मेमरी गुंतली हे त्यात लिहिलेलं असतं: रचनेचे २५६, मजकुराची जागा, आणि त्या जागेच्या शेपटाला बसणारी शेअर्ड-इन्फो ही सुमारे ३२० बाइटची रचना. तुमची जीपीएस यंत्रं पाठवतात तशा चिमुकल्या पॅकेटचा ट्रूसाइझ अनेक ड्रायव्हरांत ९०० बाइटच्या आसपास निघतो. सॉकेटची खाती, टीसीपी-मेमच्या मर्यादा, सॉकस्टॅट, सगळे ट्रूसाइझवर विसंबून असतात. तो आकडा खरा तर सगळं खरं.

पण जुन्या कर्नलमध्ये छोट्या पॅकेटसाठी तो खरा नसे. वेग मिळावा म्हणून नापीचा, म्हणजे कार्डाकडून पॅकेटं घेणाऱ्या कर्नलच्या भागाचा, कोड ३२ केबीचा अखंड तुकडा घ्यायचा आणि त्यातून एकेका पॅकेटला साडेसहाशे बाइट, हजार बाइट असे काप काढून द्यायचा. ३२ केबीच्या एका तुकड्यातून चाळीस-पन्नास पॅकेटं निघतात. ती सगळी लगेच वाचली गेली तर तुकडा परत जातो, प्रश्न येत नाही. पण एकोणपन्नास वाचली गेली आणि एक कुठल्याशा सॉकेटच्या क्यूमध्ये पडून राहिलं, तर त्या एकासाठी अख्खे ३२ केबी अडतात आणि खात्यावर मात्र ९०० बाइटच चढलेले असतात. एक स्कूटर उभी आहे म्हणून ट्रकचा गाळा अडलेला, आणि पावती स्कूटरचीच.

गूगलमधले एरिक ड्युमाझे यांनी जानेवारी २०२१ मध्ये नेमकी ही गोष्ट दुरुस्त केली, ५.११ कर्नलसाठी. त्यांच्या क्लाउड होस्टवर टीसीपी-मेमची मर्यादा पाळली जात होती, तरीही बफर त्याच्या कितीतरी पट मेमरी खात होते आणि ओओएम (मेमरी संपून प्रोसेस मारल्या जाणं) होत होतं. छोट्या वाटपात हा हिशोब ३२ पटींपर्यंत चुकू शकतो असं त्या बदलाच्या शीर्षकातच लिहिलेलं आहे. उपाय साधा: छोट्या पॅकेटला त्या मोठ्या तुकड्यातला काप न देता केमॅलॉकमधून जागा द्यायची. तुमचं कर्नल ५.४ मालिकेतलं आहे. ही दुरुस्ती तुमच्या डिस्ट्रोच्या अद्यतनांत उतरली आहे का आणि ते अद्यतन तुम्ही बसवलं आहे का, हे चेंजलॉगमध्ये पाहा.

तुमचे आकडे घालून पाहू. २०० एमबीला ९०० बाइटने भागलं तर सुमारे २.३ लाख पॅकेटं क्यूमध्ये पडून आहेत. प्रत्येकाने वेगळा ३२ केबीचा तुकडा अडवला असं धरलं तर सात जीबी होतात. इतकं टोक प्रत्यक्षात गाठलं जात नाही. एकाच तुकड्यातली दोन-चार पॅकेटं एकत्र अडकलेली असणारच. शिवाय सॉकेटच्या खात्यावर वजन पेजच्या पटीत चढतं, त्यामुळे पॅकेटं याहून कमीही असतील. पण निम्मं जरी गाठलं आणि रिंगचे दोन जीबी मिळवले, तरी तुमची शिलकीची रक्कम जवळपास भरून निघते. चार लाख सॉकेट, प्रत्येकावर थोडंथोडं, कायम उघडी कनेक्शन: या दोषाला याहून सोयीची परिस्थिती मिळणं कठीण. मोठ्या फाइली वाहून नेणाऱ्या सर्व्हरवर तो कधी जाणवणारही नाही.

हा अंदाज झाला. सिद्ध करायला हवा. कर्नल पेज-ओनर या, कोणतं पेज कोणी घेतलं याची नोंद ठेवणाऱ्या, सोयीसह बांधलेलं असेल (बूट फोल्डरमधल्या कॉन्फिग फाइलमध्ये शोधा), तर बूट पॅरामीटरमध्ये पेज-ओनर चालू करून एक सर्व्हर रीबूट करा. मग डीबगएफएस या कर्नलच्या तपासणी-फोल्डरमध्ये प्रत्येक पेज कोणत्या फंक्शनच्या वाटेने घेतलं गेलं याची यादी मिळते आणि कर्नलच्या सोर्समध्येच ती वर्गवार लावणारं छोटं साधन आहे. ऑर्डर ३ म्हणजे ३२ केबीचे तुकडे आणि स्टॅकमध्ये नापी-अलॉक-एसकेबी किंवा पेज-फ्रॅग-अलॉक दिसले तर माझा अंदाज खरा. ऑर्डर ० म्हणजे एकेक पेज आणि ड्रायव्हरचं रिंग भरणारं फंक्शन दिसलं तर तो रिंगचा वाटा. रीबूट शक्य नसेल तर बीसीसीमधलं मेमलीक हे साधन प्रोसेस क्रमांक न देता चालवलं की कर्नलचीच वाटपं पकडतं. मात्र पेज वाटपाचा ट्रेसपॉइंट (कर्नलमधली नोंद घेण्याची जागा) नेटवर्कवाल्या मशीनवर सेकंदाला फार वेळा लागतो, त्यामुळे मशीन मंदावतं. पहाटे, अर्धा मिनिट, एवढंच. पुढे कधी ६.१० किंवा त्यावरच्या कर्नलवर गेलात तर मेमरी ॲलोकेशन प्रोफाइलिंग आलेलं आहे: प्रॉकमधल्या अलॉकइन्फो फाइलमध्ये सोर्सच्या ओळीगणिक किती बाइट गेले ते सरळ छापून येतं. कर्नल बांधताना पर्याय चालू असावा लागतो, पण ज्यांना हे रोजचं काम आहे त्यांनी तेवढ्यासाठीही अपग्रेड करावं, असं माझं मत.

पॅकेटं मुळात क्यूमध्ये पडून का राहतात, हा प्रश्न कर्नलइतकाच तुमच्या ॲप्लिकेशनचा आहे. सॉकेटांची यादी देणारी एसएस कमांड टी, एन, एम, पी या पर्यायांसह चालवा. प्रत्येक सॉकेटपुढे एसकेमेम म्हणून एक कंस येतो: आर म्हणजे येणाऱ्या बाजूचं सध्याचं वजन, आरबी त्याची मर्यादा, टी आणि डब्ल्यू जाणाऱ्या बाजूचं, एफ म्हणजे आगाऊ राखून ठेवलेलं, डी म्हणजे टाकून दिलेली पॅकेटं. आरची बेरीज करा आणि प्रोसेसनिहाय लावा. एखाद्या वर्करच्या सगळ्या सॉकेटवर रिसीव्ह-क्यू थोडीथोडी भरलेली असेल, तर तो डेटाबेसमध्ये लिहून झाल्याशिवाय पुढचं वाचत नसावा. वाचन आणि लेखन वेगळं केलं की क्यू रिकाम्या होतील आणि कर्नल जुनं असलं तरी तुकडे सुटतील.

जाणाऱ्या बाजूला वेगळी गंमत आहे. भिवंडीहून निघालेला ट्रक कसारा घाटात शिरला, नेटवर्क गेलं आणि नेमकी तेव्हाच तुमच्या सर्व्हरने त्याला कमांड पाठवली. उत्तर येत नाही, पण टीसीपी लगेच हार मानत नाही; रिट्राइज-२ ही, किती वेळा पुन्हा पाठवून पाहायचं ते ठरवणारी, सेटिंग मूळ १५ वर असते आणि तिचा काळ किमान ९२४ सेकंदांच्या घरात, म्हणजे पंधरा मिनिटांवर जातो. तोवर ते बफर सेंड-क्यूमध्येच. सर्व्हरकडून जाणारे संदेश जास्त असतील तर सॉकेटवर टीसीपी-यूझर-टाइमआउट लावा, मिनिट-दोन मिनिटांचा पुरेल. ही मेमरी सॉकस्टॅटमध्ये मोजली जाते, म्हणून तिचं वजन त्या २०० एमबीतच आलेलं आहे.

सॉकस्टॅटच्या टीसीपी ओळीत कधीच न येणाऱ्या गोष्टीही आहेत. युनिक्स डोमेन सॉकेटचा (एकाच मशीनवरच्या प्रोसेसमधल्या संवादाचा) डेटाही एसके-बफमध्येच असतो, पण प्रॉक-नेटच्या प्रोटोकॉल्स फाइलमध्ये त्याच्या मेमरीच्या रकान्यात उणे एक लिहिलेलं दिसेल, म्हणजे एकत्रित हिशोबच ठेवलेला नाही. मशीन राउटर म्हणून पॅकेटं पुढे ढकलत असेल तर त्या पॅकेटांना सॉकेट नसतं, त्यामुळे खातंही नाही; ती टीसी कमांडच्या आकडेवारीतल्या बॅकलॉगमध्ये शोधावी लागतात. कुणीतरी स्क्रीनमध्ये सोडून दिलेला टीसीपीडम्प (पॅकेटं टिपणारं साधन) स्वतःची वेगळी रिंग धरून बसतो. कनेक्शन ट्रॅकिंगच्या नोंदी स्लॅबमध्ये दिसतात. चार लाख सॉकेटच्या मूळ रचनाही तिथेच: टीसीपी सॉकेटची रचना दोन केबीच्या वर जाते, त्यामुळे पाऊण जीबी तिथे सहज, शिवाय आयनोड, फाइल, डेंट्री वेगळे. तो खर्च रास्त आहे, त्याच्यामागे लागू नका.

आता टीसीपी-मेम. त्यातले तीन आकडे कर्नल बूट होताना मशीनच्या मेमरीवरून ठरवतं: साधारण ४.६८, ६.२५ आणि ९.३७ टक्के. १२८ जीबीवर मधला, म्हणजे दबाव सुरू होण्याचा, आठ जीबीच्या जवळ येतो आणि वरचा बारा जीबीच्या. तुमचा नोंदलेला वापर २०० एमबी. मर्यादेच्या आसपासही नाही, मग ती वाढवून मिळणार काय? उलट ट्रूसाइझ कमी लिहिला जात असेल तर वाढवलेली मर्यादा म्हणजे कर्नलला न मोजलेली मेमरी आणखी खाण्याची मुभा. खात्री करायची तर एनस्टॅट या काउंटर दाखवणाऱ्या कमांडमध्ये टीसीपीमेमरीप्रेशर्स, प्रूनकॉल्ड आणि टीसीपीआरसीव्हीकोलॅप्स्ड पाहा. पहिला शून्य असेल तर टीसीपीने एकूण मेमरीची तक्रार कधी केलेलीच नाही. ठरावीक वेळाने कॅश रिकामी करणारी ड्रॉप-कॅशेसची क्रॉन कुणी सुचवली असेल तर तीही नको. ती स्वच्छ पेज कॅश आणि परत घेता येणारा स्लॅब सोडते, क्यूमध्ये अडकलेल्या पॅकेटला हातही लावत नाही.

फ्रीबीएसडी वापरणाऱ्यांना हे सगळं विचित्र वाटतं. तिथे नेटस्टॅटला एम पर्याय दिला की एमबफ (नेटवर्कचे छोटे बफर) किती, क्लस्टर (मोठे बफर) किती, कॅशमध्ये किती, किती मागण्या नाकारल्या, सगळं एका पडद्यावर. एमबफची कल्पना १९८३ च्या ४.२ बीएसडीपासूनची, आजच्या फ्रीबीएसडीत एमबफ २५६ बाइटचा, क्लस्टर २०४८ चा, आणि त्यांचे साठे नेटवर्कसाठी वेगळे राखलेले. म्हणून मोजणं सोपं. लिनक्सने बफर सर्वसाधारण ॲलोकेटरांकडून घ्यायचं ठरवलं. त्यात लवचीकता मिळाली, एकत्रित हिशोब गेला. अलीकडे ड्रायव्हरांसाठी पेज-पूल (पुन्हा वापरायच्या पेजेसचा साठा) आला आहे आणि ६.८ पासून प्रत्येक पूलमधली किती पेजेस बाहेर आहेत हे नेटलिंकवरून (कर्नलशी बोलण्याच्या वाटेने) विचारता येतं, त्यामुळे रिंगच्या बाजूचा अंधार बराच कमी झाला. ५.४ वर ती सोय नाही.

मॉनिटरिंगला काय लावायचं, तर एक नव्हे, चार रेषा, एकाच आलेखात: वजाबाकीतून आलेली शिल्लक, सॉकस्टॅटचा टीसीपी मेम (गुणिले ४ केबी करून), मेमइन्फोमधलं एसअनरिक्लेम (स्लॅबचा परत न घेता येणारा भाग), आणि टीसीपीमेमरीप्रेशर्सचा काउंटर. शिल्लक वाढते पण सॉकस्टॅट सपाट, तर दोष ड्रायव्हरकडे किंवा रिंगकडे. दोन्ही एकत्र वाढतात पण शिल्लक कितीतरी पटीने, तर वर सांगितलेला कापांचा प्रकार. सॉकस्टॅट एकटंच वाढतं, तर ॲप्लिकेशन वाचत नाही. कर्नल अपग्रेड केल्यावर शिल्लक खाली येईल आणि एसअनरिक्लेम वर जाईल, कारण तीच पॅकेटं आता केमॅलॉक-१के मध्ये मोजली जातील. तेव्हा स्लॅब गळतोय म्हणून तिकीट उघडू नका. हे सर्व्हर उद्या कंटेनरमध्ये नेलेत तर सीग्रुप-२ च्या, म्हणजे कंटेनरवर मर्यादा घालणाऱ्या कर्नलच्या यंत्रणेच्या, मेमरी-स्टॅटमध्ये सॉक नावाची ओळ आहे, तीही लावा. सॉकेटची मेमरी तिथे कंटेनरच्या मर्यादेत धरली जाते आणि ॲप्लिकेशनची स्वतःची मेमरी (हीप) निम्मी रिकामी असताना पॉड, म्हणजे कंटेनरचा गट, मारला जातो तेव्हा कारण बऱ्याचदा त्या ओळीत असतं.

रिंगचा प्रयोग याच आठवड्यात करता येईल. बाँडमधलं एक पोर्ट निवडा, मेमफ्री लिहून ठेवा, ईथटूलच्या मोठ्या जी पर्यायाने आरएक्स ४०९६ वरून १०२४ करा, मिनिटभराने मेमफ्री पुन्हा पाहा. दर जागेला एक पेज असेल तर एका पोर्टमागे ७६८ एमबी सुटायला हवेत. निम्मे सुटले तर ड्रायव्हर अर्धं पेज वापरतो हे कळलं. आकार बदलताना बहुतेक ड्रायव्हर इंटरफेस क्षणभर खाली आणतात, म्हणून दोन्ही पोर्टं एकदम घेऊ नका. नंतर दोन-तीन दिवस, विशेषतः सकाळी सगळ्या बस एकदम रस्त्यावर येतात त्या वेळी, ईथटूलच्या मोठ्या एस पर्यायातले मिस्ड आणि नो-बफर हे काउंटर पाहत राहा. ते हलले तर १०२४ चे २०४८ करा.